उचलून न्यावयाच्या व्यक्ती, क्रमांक एक

खालची वाडी
(नाशिकहून नदीबरोबर खाली येत राहिलं की लागते ती)
रविवार, २४ मे २००९

चि. पुंजाराम यास सुलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे, तुझी खुशाली कळव. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतोस का, देवळ्याला नळाला पाणी येतं का, कांदाचाळीतला कांदा टिकला का, आणि मुख्य म्हणजे तुझा डावा गुडघा कसा आहे? (बाकीच्या चौकशा रीतीच्या आहेत. गुडघ्याची मनापासून आहे, तिच्यामागे काम आहे. तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच, नेहमीसारखं अर्धं वाचून उशीखाली ठेवू नकोस.) फोनवर विचारलं की तू "बरा शे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. तीस वर्षं तिकडे राहून तुला तिकडची बोली आली, पण दुखतं तेव्हा दुखतं म्हणायला काही आलं नाही. म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी, की पूर आला तर तुझ्या थोरल्या बहिणीला सर्वांत आधी उचलून न्यायचं असं सरकारदरबारी ठरलं आहे. कागद झाला आहे, त्यावर शिक्का आहे, आणि तो शाळेच्या व्हरांड्यात खळीनं चिकटवला आहे. मी तो फाडणार होते. पण आधी काय झालं ते सांगते.

मागच्या सप्टेंबरातला पूर तुला ठाऊक आहे. तो ओसरल्यावर वरून हुकूम निघाला, की प्रत्येक गावानं आपल्यावर कोणकोणती संकटं येऊ शकतात ती शोधून काढावीत आणि त्यांचा आराखडा करावा. मार्चमध्ये आमचे ग्रामसेवक आणि तालुक्याहून आलेल्या तेजल मॅडम (वय पंचवीसच्या आतबाहेर, पायात बूट, स्वभावानं सरळ) फॉर्मांचा गठ्ठा घेऊन वाडीत आल्या. सगळ्यांना शाळेत बसवलं. पहिला प्रश्न, गावास कोणते धोके संभवतात. आता आम्हाला असं कधी कोणी विचारतं का? वाडी एकदम मोकळी झाली. कोणी बिबट्या सांगितला, कोणी गारपीट, शकुबाईनं लाइट जाण्याचं सांगितलं, बारकूनं आपला मेहुणा सांगितला. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. लाइटच्या पुढे 'वारंवारता: रोज' असं लिहिलं. मेहुण्यापाशी त्या जरा थांबल्या आणि मग 'मानवनिर्मित' असं लिहिलं. मला त्या तिथंच आवडल्या होत्या, हे मी रागात असले तरी कबूल करते.

पुढे विचारलं, पट्टीचे पोहणारे कोण, हात वर करा. त्याच वेळी आमच्या गोटीरामनं कोपऱ्यावरच्या दिव्याबद्दल विचारायला हात वर केला होता, तो तसाच राहिला. गोटीराम पोहणाऱ्यांत क्रमांक तीन आहे. (हा माणूस नदीवर आंघोळीला जातो तेव्हा काठावर बसून तांब्यानं पाणी घेतो.) त्यानं दोनदा सांगून पाहिलं, पण ग्रामसेवक म्हणाले, आता नाव टाइप झालं आहे, पावसाळ्यापर्यंत शिकून घ्या.

मग घरोघर पाहणी. मॅडम माझ्याकडे आल्या, चहा घेतला, मोगऱ्याच्या कळ्या खुडताना माझ्याशेजारी बसल्या. वय विचारलं, एकाहत्तर सांगितलं. घरात किती माणसं, म्हटलं मी आणि म्हैस. आणि मग, पुंजाराम, त्या मुलीनं इतक्या मायेनं विचारलं की मला डाव कळलाच नाही. म्हणाल्या, "आजी, खाली बसलं की उठताना हात टेकता का?" मी म्हटलं, टेकते, कोण टेकत नाही? झालं. त्यांनी एक खूण केली आणि महिन्याभरात मी परिशिष्ट पाचमध्ये जाऊन बसले. परिशिष्ट पाच म्हणजे उचलून न्यावयाच्या व्यक्ती. एकूण सात. एक नंबरला सुलाबाई, कारण माझं घर नदीला सगळ्यांत जवळ. समोर उचलणाऱ्यांची नावं: भिमाजी आणि बारकू. भिमाजी पेरूच्या झाडावरून पडल्यापासून कमरेला पट्टा बांधून हिंडतो. बारकूला मी स्वतः दोनदा मेथीच्या गोणीखालून ओढून काढला आहे. आणि हे दोघे मला उचलणार.

तुला वाटेल, अक्का, एवढं काय मनावर घ्यायचं, कागदच तो. तर ऐक. आमच्याकडे पूर कसा कळतो ते तुला तुझ्या पोराच्या लग्नात सांगितलं होतं, पण तुझं लक्ष जिलेबीकडे होतं. माझं घर खाली वळणावर, वाडी मागे चढावर. नदी फुगली की आधी मला दिसते. धुण्याचा काळा धोंडा बुडाला तर काही नाही. उंबराच्या मुळाला पाणी लागलं की मी फुलांच्या रिकाम्या पाट्या पत्र्यावर चढवते. सासूबाई चढवायच्या त्या पाट्या वाहून जाऊ नयेत म्हणून. पण पत्र्यावरच्या पाट्या वाडीतल्या प्रत्येक अंगणातून दिसतात, आणि त्या दिसल्या की वाडी गुरंढोरं सोडते, धान्य बांधते आणि शाळेकडे निघते. एकोणसत्तरच्या पुरात सासूबाई तापानं पडल्या होत्या, तेव्हा पहिल्यांदा मी चढवल्या. त्याला चाळीस वर्षं झाली. धरणातून किती क्युसेक सोडलं हे रेडिओ सांगतो, पण क्युसेक ऐकून वाडीत अजून कोणी शेळीसुद्धा सोडलेली नाही. आणि आराखडा म्हणतो की शिट्टी वाजली की पहिली सुलाबाई उचला. मग पाट्या कोण चढवणार, भिमाजीचा पट्टा?

हे मी ग्रामसेवकांना सांगितलं. ते म्हणाले, पाट्यांना फॉर्ममध्ये रकाना नाही. मी म्हटलं, मग मलाही उचलू नका, मला रकान्याची गरज नाही. ते म्हणाले, इथं अंगठा द्या. मी म्हटलं, मी सातवी पास आहे, सही करते, आणि करणार नाही. त्यावर ते तुझ्यासारखे हसले आणि गेले.

गेल्या गुरुवारी रंगीत तालीम झाली. म्हणजे पूर आला असं समजायचं आणि आराखड्याप्रमाणे वागायचं. ऊन मी म्हणत होतं, नदीत गुडघाभर पाणी नव्हतं. सकाळी दहाला मॅडमनी शाळेपाशी शिट्टी वाजवली. बारकू आणि भिमाजी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन माझ्या दारात हजर. मी सांगितलं, मी येत नाही. बारकू म्हणाला, "मावशी, बसा ना बापा, आमचं बी नाव लिव्हलंय तिथं." त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मी बसले. (तिथंच चुकले.) त्यांनी मला उचललं. पुंजाराम, माझ्या लग्नाच्या वरातीतही मला कोणी असं उचललं नव्हतं. उंबरापाशी भिमाजीची कमर धरली. धरली ती अशी, की तो वाकला तसाच राहिला, उभा होईना की बसेना. मी खुर्चीतून उतरले, भिमाजीला खुर्चीत बसवलं, एक बाजू मी धरली, एक बारकूनं, आणि चढ चढून आम्ही त्याला शाळेत पोचवला. ग्रामसेवकांनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं: व्यक्ती क्रमांक एक सुरक्षित स्थळी, वेळ अकरा मिनिटं. हे खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

पण शाळेत आम्ही तिघंच होतो. वाडीतलं दुसरं कोणी आलंच नव्हतं. मॅडमनी पुन्हा शिट्टी वाजवली, मग तिसऱ्यांदा. मग त्या वाडीत गेल्या, मीही मागून गेले. जो तो आपापल्या अंगणात बसून माझ्या पत्र्याकडे पाहत होता. भागीबाई शेंगा फोडत होती. मॅडम म्हणाल्या, मावशी, शिट्टी ऐकली नाही का, पूर आलाय. भागीबाई म्हणाली, "ऐकली ना. पन सुलामावशीच्या पाट्या कुठं चढल्या अजून? पूर नाय आलेला, बाई. तुम्ही बसा, शेंगा खा."

मॅडम खरोखर बसल्या. शेंगा खाल्ल्या, माझ्या पत्र्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मला घेऊन नदीवर आल्या. धोंडा पाहिला, उंबराचं मूळ टेपनं मोजलं, आणि फॉर्मच्या पाठीमागे, जिथं रकानेच नसतात, तिथं सगळं लिहून घेतलं. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, हे मंजूर होणार नाही. त्या म्हणाल्या, "नाही झालं तर मी पुन्हा पाठवीन." आता मी 'पूर्वसूचना देणारी व्यक्ती' आहे. आमच्या वाडीत हे पद मी सोडून कोणालाच नाही. उचलणारे दोघे सुटले, भिमाजी तर रडलाच.

फक्त एक अडचण राहिली. उचलून न्यायच्या व्यक्ती सात, असा आकडा वर गेला आहे. तो कमी करायचा तर सगळा आराखडा परत करावा लागतो. तेव्हा माझ्या जागी दुसरं नाव हवं होतं: वय साठच्या वर, पायानं अधू, जून ते सप्टेंबर वाडीत मुक्काम. वाडीत विचारलं तर एकाएकी सगळ्यांचे पाय बरे झाले. पण तू काळजी करू नकोस, त्याची सोय मी केली आहे.

पोरांना आशीर्वाद सांग. ओझरच्या फॅक्टरीतला धाकटा आला तर त्याच्याबरोबर लसणाची चटणी पाठव.

तुझी,
सुलाअक्का

ता. क. नाव तुझं दिलं आहे. पुंजाराम, वय सहासष्ट, डावा गुडघा निकामी. मृग लागायच्या आत ये. घडीची काठी, गोळ्या आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आण. उचलणारा म्हणून गोटीराम मिळाला आहे, त्याला पोहण्यातून सुटका हवीच होती. नाही म्हणायचं असेल तर पत्रानं म्हण, म्हणजे ते इथं पोचेपर्यंत तू पोचलेला असशील.

ता. क. दोन. वरचं पत्र वाचून कोणाला दाखवायचं तर दाखव. हे मात्र फाडून टाक. मागच्या सप्टेंबरात पाट्या उशिरा चढल्या. मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेले आणि शिडी हलली. मग मला वर जाववलं नाही, खालीही उतरवेना. शेवटी कशीबशी उतरून खालूनच एकेक पाटी पत्र्यावर फेकली. चार पाण्यात पडल्या, पाच वर राहिल्या. तोवर उंबराच्या मुळापासून पाणी माझ्या उंबऱ्याला आलं होतं. भागीबाईची गाभण शेळी त्यातच गेली. भागीबाईला वाटतं, तिनंच बघायला उशीर केला. ती अजून मला म्हणते, माझंच ध्यान नव्हतं, मावशी. मी तिला काही बोलले नाही. आठ महिने झाले, मला तिच्या अंगणातून जाताना मान वर करवत नाही. वाडी माझ्या पत्र्याकडे बघत बसते, आणि मी यंदा पूर्वसूचना देणारी व्यक्ती आहे.

मी अजून चढू शकते. फक्त खाली कोणीतरी शिडी धरायला हवं, आणि ते वाडीतलं नको. गुडघ्याची सबब सांगू नकोस. शिडी बसूनही धरता येते.