खिडकीची काच बघायला

प्रिय ताई,

हे पत्र मी कधीपासून टाळतोय ते विचारू नकोस. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर त्यातली शाई वाळलेली. मग शेजारच्या काकूंचा पोपट पिंजऱ्यातून सुटला आणि सगळी गल्ली त्याच्यामागे, त्यात मी सगळ्यात पुढे. पोपट सापडला, पण तोवर माझं लिहिणं उडून गेलं होतं. खरं सांगू का, काय लिहायचं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लिहावं की नाही, तेवढंच ठरत नव्हतं. फोन केला असता, पण फोनवर मी ‘बाबा’ म्हटलं की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं आणि तुला जावं लागतं. पत्र तू मधेच टाकून दिलंस तरी टेबलावर पडून राहील, एवढीच आशा. चुका काढत बसू नकोस. मी शाळेत जितका गेलो त्याहून जास्त शाळेच्या मागच्या भिंतीवरून बाहेर गेलो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आलो तेव्हा वाटलं होतं, दोन दिवस राहू, तोंड दाखवू आणि निघू. तू म्हणतेस ती पायातली भिंगरी आहेच. पण बाबांना बघितलं आणि पिशवी खाली ठेवली ती अजून उचललेली नाही. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवी बाजू गेली आहे. शब्द येतात, एकेक येतात, आणि पुष्कळदा भलतेच येतात. पाणी हवं असलं की ‘हातोडी’ म्हणतात. पहिल्यांदा मी खरोखर हातोडी आणून हातात दिली, तर हसले, अर्ध्या तोंडानं. ते हसू बघवत नाही, ताई, आणि तरी मी आता मुद्दाम हातोडी आणतो.

खाट पुढे काचेच्या दुकानात आणून टाकली आहे, कापायच्या टेबलाच्या बाजूला. आतल्या खोलीत वारा बरा येतो, पण त्यांनी हट्टच धरला. इथून त्यांना दार दिसतं. दिवसभर मी काच कापतो, अर्धवट राहिलेली गिऱ्हाइकांची कामं आहेत. कापायचा हिरा काचेवरून नीट गेला की बारीक सूर निघतो बघ, तसा निघाला की त्यांचे डोळे मिटतात. हात अडखळला की नाकातून ‘हं’ येतं. लहानपणी ज्या ‘हं’ला भिऊन मी पळून जायचो, तो आता ऐकू आला की बरं वाटतं, अजून आहेत म्हणून. पण बाहेर चप्पल वाजली की ते सगळं सोडून दाराकडे बघतात. नाव कुणाचं घेत नाहीत.

चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन जातात. येतात ती सगळी कधी ना कधी बाबांनी गाठलेलीच. आठवतं ना, रविवारी देवळात उपासनेला बाबा कायम शेवटच्या बाकाच्या मागे उभे असायचे? आपल्याला वाटायचं, पंच आहेत म्हणून रुबाब. ते कोण आलं नाही ते बघत असायचे. मग आठवडाभर सायकलवर त्या न आलेल्यांच्या घरी. ‘देवळात का आला नाहीत’ असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. दारात उभं राहून एकच वाक्य, ‘खिडकीची काच बघायला आलो.’ त्या घरात कुणाचा नवरा पिऊन पडलेला, कुणाची नोकरी गेलेली, कुणाला नुसतंच रडू येत असायचं. बाबा काच बघायचे, चहा प्यायचे, ऐकून घ्यायचे आणि यायचे. तू म्हणायचीस, आपल्या मंडळीत एकाही माणसाचा विश्वास धड नसेल, पण काच एकाचीही फुटकी नाही. परवा मला ते आठवलं आणि एकटाच हसलो. बाबांनी मान वर करून विचारलं, काय? मी म्हटलं, काही नाही, ताईचं एक बोलणं. त्यांनी मान दाराकडे वळवली.

आता त्या दिवसाचं. तुला त्याची आठवण करून द्यायची गरज नाही, तरी मी लिहिणार, कारण तू फाटकाशी उभी होतीस आणि मी कपाटाच्या दुसऱ्या टोकाला होतो. दोन्हीकडून वेगळं दिसतं.

देवळामागच्या दोन खोल्यांत चावीआत्या राहायची. देऊळ उघडायचं, झाडायचं, बंद करायचं आणि कमरेचा चाव्यांचा जुडगा वाजवत आपल्या घरी यायचं. आई गेल्यावर तिनं तुझी वेणी घातली, माझे कान उपटले. रक्ताची आत्या असती तर इतकं केलं नसतं, असं बाबाच म्हणायचे. आणि पंचांच्या मंडळानं ठराव केला की भिंतीला तडा गेलाय, खोल्या पाडायच्या, तिथं मुलांच्या वर्गासाठी हॉल बांधायचा, आत्यानं भाचीकडे राहायला जावं. हे तिला सांगायला गेले ते बाबा. आणि सामान काढायलाही बाबाच. सगळ्या गल्लीनं बघितलं, आत्याचं अंथरूण खांद्यावर घेऊन काचवाले पंच बाहेर येताहेत. तू फाटकाशी सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘जिनं आमच्या आईला शेवटचं पाणी पाजलं, तिला तुम्ही रस्त्यावर काढलंत.’ बाबांनी अंथरूण टेम्पोत ठेवलं आणि परत आत गेले. तुला उत्तर द्यायलासुद्धा थांबले नाहीत, याचाच तुला जास्त राग आला असणार.

आत काय चाललं होतं ते तू बघितलं नाहीस. आत्याची सगळी कपबशी बाबा आपल्या सदऱ्यांत गुंडाळत होते. चांगले, इस्त्रीचे सदरे, घरून पिशवीत भरून आणलेले. मी म्हटलं, अहो कागद आहे ना. तर म्हणाले, ‘कागद फाटतो.’ आरशाला माझा हात लागू दिला नाही. कपाट उचलताना मला सारखं ‘हळू, हळू’. मी वैतागून म्हटलं, काढायचंच आहे तर हळू काय आणि जोरात काय? ते पुन्हा ‘हळू’. शेवटी आत्यानं कमरेचा जुडगा सोडला, त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘तुम्ही तरी, दादा...’ पुढचं गिळलं. बाबा म्हणाले, ‘आम्ही ठरवलंय, बाई.’ आम्ही. तो शब्द मीही ऐकला आणि माझ्याही मनातून ते उतरले. मी त्याच आठवड्यात एका ट्रकवर बसून गेलो. तू नोकरी धरून गेलीस आणि लग्न केलंस ते तिकडे, देवळात नव्हे, चार सह्यांवर. बाबांना मी फोनवर सांगितलं. म्हणाले, ‘बरं झालं. मुलगा कसा आहे?’

हॉल काही झाला नाही, ताई. मी परवा बघून आलो. खोल्या उभ्या आहेत, तडाही तेवढाच आहे, आणि आत मोडकी बाकं कोंबली आहेत. आत्या भाचीकडे आहे, बसनं तासाभराच्या गावी. बाबा तिच्याकडेही जात असत म्हणे. दारात उभं राहून तेच वाक्य. आणि ती आतून म्हणायची, ‘काच ठीक आहे.’ दार उघडायची नाही. हे मला भाचीनं सांगितलं. बाबांचं कळवायला मी तिला फोन केला होता. म्हणाली, कानावर घालते, पण आत्या येतील असं वाटत नाही.

आणि पंधरा दिवसांपूर्वी दातांचे डॉक्टर आले. तेच, मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांच्या नावाची भीती घालून तू मला खेळातून घरी ओढून आणायचीस. आता म्हातारे झालेत, स्वतःचेच दात गेलेत. बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि छत्री मांडीवर ठेवून बसले. मी काच कापत होतो. मग मला म्हणाले, पण डोळे बाबांवर, ‘तुला ठाऊक आहे का रे, त्या खोल्यांचा ठराव मी मांडला होता. सगळ्यांचे हात वर गेले. ह्यांचा तेवढा गेला नाही.’

बाबांनी डावा हात असा आपटला की स्टुलावरचा पेला घरंगळत दारापर्यंत गेला. मला वाटलं, दुसरा झटका आला. चेहरा लाल, मान हलतेय, आणि शब्द शोधताहेत. ‘आतलं,’ म्हणाले. मग दम घेऊन, ‘आत.’ मीटिंगमधलं मीटिंगमध्ये. शरीराची एक बाजू मेली, पण ही शिस्त कुठल्या बाजूला होती कोण जाणे, ती जिवंत आहे. डॉक्टर इतके गडबडले की घरातच छत्री उघडायला लागले.

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. बाकीचं त्यांनी रस्त्यात सांगितलं. बाबा त्या दिवशी भांडभांड भांडले होते. आधी तिला देवळाच्या आवारातच छप्पर द्या, मग भिंतीला हात लावा, असं म्हणत होते. हरले. मग प्रश्न आला, तिला सांगायचं कुणी? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, ‘मी सांगतो. ज्याला पटलेलं नाही त्यानं सांगितलं, तर निदान आवाज तरी खाली राहील.’ डॉक्टर मला म्हणाले, ‘एकदा जरी ते बाहेर बोलले असते ना, की मी त्यात नव्हतो, तर आम्हीही सुटलो असतो. भांडून मोकळे झालो असतो. त्यांनी आम्हाला तेवढंही करू दिलं नाही.’ रस्त्यात उभं राहून त्यांनी चष्मा पुसला. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

घरी येऊन मी बाबांची दाढी करायला घेतली. तोंडाला साबण लावला की त्यांना मान फिरवता येत नाही, म्हणून तेव्हाच विचारलं. म्हटलं, जगाला नका सांगू. ताईला एकटीला सांगायचं होतं. तेवढ्यानं ती थांबली असती. ते शब्द शोधायला लागले. आधी ‘हातोडी’ आलं, त्यांनी स्वतःच मान हलवली, नाही, ते नव्हे. मी वस्तरा धरून उभा. साबण वाळत आला. आणि मग अगदी स्वच्छ, झटक्याआधी बोलायचे तसं बोलले, ‘मीपण होतो ना तिथं.’

मी तेव्हापासून हेच घोळवतोय. मला पटलं नाही की मी पिशवी उचलतो. ट्रकवाल्याचं पटलं नाही, सोडला. हॉटेलवाल्याचं, बोटीवरच्या रंगाऱ्याचं, सोडलं. मला वाटायचं, यालाच स्वाभिमान म्हणतात. या माणसाला पटलं नव्हतं, आणि हा उठून गेला नाही. जो हात वर गेला नव्हता त्याच हातानं त्यानं कपाट उचललं, शिव्या खाल्ल्या, मुलगी घालवली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा शेवटच्या बाकामागे जाऊन उभा राहिला. हे बरोबर की चूक, मला कळत नाही. तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल तर सांग. मला एवढंच कळतं की आत्याचं सामान हललं, पण तिच्या एका कपाचासुद्धा टवका उडाला नाही.

म्हणून हे पत्र इतके दिवस लिहिलं नाही. बाबांनी जे स्वतःच्या लेकीला सांगितलं नाही, ते मी कोण सांगणार? मग वाटलं, मी कुठल्या मंडळावर नाही, मला कुणी पंच केलेलं नाही, करणारही नाही. आतलं आत ठेवायचं बंधन त्यांना. आणि डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, दातांचे नव्हेत, काल तपासून बाहेर आले आणि पायरीवर माझा खांदा धरून म्हणाले, बहिणीला कळवलंय ना? तेव्हा ये, ताई. आणि एक कर. तुला हे कळलंय असं त्यांना कळू देऊ नकोस. तू काही न कळता आलीस, अशीच आत ये. मला खरं म्हणजे तू तशीच यायला हवी होतीस. मी वाट बघितली. त्यांनीही बघितली.

थांब, कुणीतरी आलं.

ताई, घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. दारात चावीआत्या उभी होती. वाकलीय फार, बसमध्ये बसायला जागासुद्धा मिळाली नाही म्हणे. मी काही बोलायच्या आत मला बाजूला सारून, खाटेवर नजर न टाकता, थेट दुकानाच्या खिडकीपाशी गेली आणि काचेवर बोट फिरवत म्हणाली, ‘दादा, काच बघायला आले.’ ठरावाचं तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. आता ती खाटेशी बसली आहे, पदरानं त्यांचं तोंड पुसतेय, आणि बाबा ‘हातोडी, हातोडी’ म्हणताहेत, आणि तिनं न विचारता पेला भरून घेतला. ते बघून वाटलं, हे सगळं फाडावं आणि कागदावर नुसतं ‘ये’ लिहून पाठवावं. पण तेवढ्यावर तू येशील, एवढी खात्री मला नाही. म्हणून आहे तसं पाकिटात घालतोय.

तुझाच,
भिंगरी