हेल्प मागितली की मावशी

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (बरे आहेत म्हणू नकोस, आईने खरं सांगितलंय.) काकांचा खोकला गेला का? मी मजेत आहे. नोकरी कायम होणार की जाणार हे ठरायचंय, तेवढं सोडून.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसात प्रोग्रामचे सुटे तुकडे जोडून अख्खा प्रोग्राम तयार करणारी एक प्रणाली आहे. तिला काळ्या पडद्यावर टाइप करून हुकूम द्यायचे, आणि हुकूम आठवला नाही तर 'हेल्प' टाइप करायचं, की ती सगळे हुकूम सांगते. त्यात आपल्या ऑफिसचे खास हुकूमही दिसावेत असं आमच्या मॅनेजरबाईंच्या मनात आलं (माझी नोकरी ह्यांच्याच सहीवर अडलीये) आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आता कोरा पडदा समोर आला की माझं डोकं चालत नाही, हे तू माझ्या शाळेतल्या निबंधांपासून जाणतेस. म्हटलं, आधी नुसतं दिसतंय का ते बघू. म्हणून तू गावाला जाताना आम्हाला सूचना द्यायचीस ना, त्या थाटात काहीबाही खरडलं. 'क्लीन' म्हणजे जुना पसारा आवरणे. आधी आवरा, मग नवीन करायला घ्या, दर वेळी सांगायचं का? 'फास्ट' म्हणजे तपासणी न करता उरकणे. उरका खुशाल, मग रडत माझ्याकडे येऊ नका.

हे पुसायचं राहून गेलं. तेही खपलं असतं, पण या प्रणालीला एक खोड आहे. आपला मजकूर दिला की ती स्वतःचा गुंडाळून ठेवते. माझा मजकूर तुझ्या मजकुराखाली जोड, असं तिला वेगळं सांगावं लागतं, आणि ते मी सांगितलं नाही (सूचना पूर्ण वाचायची सवय मला कधी होती?). त्यामुळे आज सकाळपासून ऑफिसात ज्याने ज्याने हेल्प मागितली, त्याला थेट तूच भेटलीस. बाईंनी तर ती ग्राहकांसमोर, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मागितली. मी टेबलाखाली वाकून न पडलेलं पेन शोधत बसलो. ग्राहक पोट धरधरून हसले. बाई हसल्या नाहीत. हे कुणी लिहिलं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी घाबरून सांगितलं, मावशीने.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा, आजपुरता तरी नोकरीत असलेला,
भाचा

ता. क. खरं तर पत्र यासाठीच. त्या मजकुराची शेवटची ओळ अशी आहे: एवढं करूनही जमलं नाही तर मावशीला विचारा. पुढे नमुना म्हणून एक नंबर टाकला होता, आणि मला पाठ असलेला नंबर एकच आहे, तुझा. तर अनोळखी फोन आले तर 'आधी आवरलंस का?' एवढंच विचार. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

आणखी ता. क. बाई आत्ताच येऊन गेल्या. त्यांनी तुला फोन केला होता म्हणे, आणि तू त्यांना सुनावलंस की आधी पोराच्या कागदावर सही करून टाका, मग बाकीचा पसारा. (सही अडल्याचं तुला आईनेच सांगितलं असणार.) सही झाली गं मावशी! मजकूर मात्र काढायचा नाही असा हुकूम आहे. तेव्हा कृपा करून नंबर बदलू नकोस.