हिरवा दोरा

३ मार्च १९६५

आली एकदाची रंगूनची नर्स! नाव एस्तेर. नवरा देवमन आपल्या अकोल्याचा, तिकडे लाकडाच्या वखारीत होता. ब्रह्मदेशातून हाकललं, बोटीनं परत आले. हिंदी तोडकीमोडकी, पण मनोरुग्णांचं काम माझ्यापेक्षा रीतसर शिकलेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाहेरची आहे, काही दिवस पाहू. शिकवा तुम्ही. जबाबदारी तुमची." म्हणजे नेहमीसारखं माझ्याच गळ्यात.

९ मार्च

बाई कामाची आहे. पेशंट सुंदराबाई ताट फेकते, तर ही तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसून राहिली, न बोलता. सुंदराबाई अर्धी भाकर जेवली! दुर्गाबाई आयानं नाक मुरडलं — "तिकडं असं बसूनच पगार घेतेत काय वो?" मला मात्र फार दिवसांनी या वॉर्डात बरं वाटलं.

१४ मार्च

सत्यानाश झाला आज.

नवी पेशंट, वच्छला. अकोल्याची. नवरा गोवर्धन कापसाच्या जिनात मुनीम. बाळंतपणात पोर गेलं तेव्हापासून भ्रमिष्ट. नवरा गेटावरच सोडून गेला. काचेच्या बांगड्या आम्ही वॉर्डात ठेवत नाही, मनगटं कापून घेतात. मी एस्तेरला म्हटलं, "पहले चूडियाँ निकालो," आणि फेरीला गेले.

बांगड्या घट्ट होत्या. एस्तेरनं मनगटाला टॉवेल गुंडाळून पेल्यानं फोडल्या. एक ओरखडा नाही. आणि वच्छलानं जी किंकाळी फोडली! "माहे मालक गेले का वो?" आणि स्वतःच कुंकू पुसून टाकलं.

आम्ही आधी मनगटाला हिरवा दोरा बांधतो, मग साबण लावून एकेक बांगडी उतरवतो. हात मोकळा ठेवायचा नाही. फोडतात ते नवरा मेल्यावर. ही काय सांगायची गोष्ट आहे, असं वाटलं मला! ब्रह्मदेशातल्या ख्रिस्ती पोरीला हे कोण सांगणार होतं? माझ्या फोडल्या तो आवाज अजून कानात आहे, आणि मीच विसरले.

१७ मार्च

अन्नाला शिवत नाही. "सुतक हाय," म्हणते. गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, नवरा जिवंत आहे. "मंग दाखवा." दोरा बांधला की दातांनी तोडते. शेवटी चौघींनी धरलं, नळीनं दूध घातलं. हे असं करायला नर्स झाले का मी?

देवमनला अकोल्याला धाडलं — गोवर्धनला घेऊनच ये म्हणून.

१८ मार्च

डॉक्टरसाहेब भडकले. "ही दगावली तर तुमची रंगूनवाली त्याच दिवशी घरी!" चूक माझी आहे म्हटलं. ऐकूनच घेतलं नाही. एस्तेर चादरींच्या खोलीत रडत बसलेली. "सिस्टर, मैंने तो संभालके किया था." हो गं बाई, हो.

२१ मार्च

देवमन एकटाच परत. मुनीम म्हणतात, कापसाचा हंगाम आहे, सवड नाही. हंगाम!

२३ मार्च

नाही आला. वच्छलाचे डोळे खोल गेलेत. मला आता कशाचीच आशा वाटत नाही.

२६ मार्च

आला! गेटाशी टांगा दिसला, मी धावत सुटले. तो वच्छलाची पेटी उतरवून ठेवत होता. टांग्यात एक पोरगी — कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा. कोण ही, विचारलं. त्यानं मान खाली घातली. "घर पाहाले कोनी तरी पाहिजे ना."

म्हटलं, बाबा, हात जोडते. आत चल, नुसता तिच्यासमोर उभा राहा. ती जेवेल.

"तिले वाटते ना मी मेलो? मंग वाटू द्या. तेच बरं हाय."

टांगा वळलासुद्धा. मी पेटीपाशीच उभी. थोबाडीत द्यायला हवी होती. एस्तेरला सांगितलं, तिनं पेटी उचलून आत नेली. वच्छलाला कोणत्या तोंडानं सांगू?

२७ मार्च

सकाळी एस्तेरनं पुन्हा दोरा पुढे केला. वच्छलानं तो तोडला नाही. हळूच तिच्या हातात परत ठेवला. "राहू द्या बाई. काल खिडकीतून पाह्यलं मी. चुडा चांगला भरला तिनं." आणि ताट ओढून जेवायला बसली.

डॉक्टरसाहेब खूश. एस्तेर राहणार. फेरीत मला म्हणाले, "वच्छला शुद्धीवर आली, सिस्टर! आता घरी पाठवायची तयारी करा."

कुठल्या घरी?