बैलाचा पट्टा

आप्पा, तुमचं कुत्रं मी मारलं नव्हतं. एवढं एकच सांगायला बसले आहे, आणि तेवढं सांगून उठलेही असते, पण जिवंत असताना तुम्ही मला कधी पुरतं वाक्य बोलू दिलं नाहीत, म्हणून आता जरा सावकाशीनं बोलणार आहे. मधेच 'गप गं' म्हणून उठून जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही, ते एक बरं झालं.

मी सध्या काय काम करते ते ऐकलंत तर हसाल. तळवड्याला एका छोट्या कारखान्यात आहे. आधी तिथे गाड्यांच्या सीटबेल्टच्या पट्ट्या शिवायचे, सगळा माल चाकणच्या कंपन्यांना जायचा. आता त्याच मशीनवर, त्याच पट्टीचे, कुत्र्यांचे पट्टे शिवतात. नवीन नमुना आला की तो कुत्र्याला घालायचा, दोरीचं एक टोक त्याच्या पाठीवर अडकवायचं, दुसरं माझ्या कमरेला, आणि दोघांनी पळायचं. पळून झालं की कुत्र्याच्या बगला चाचपायच्या, कुठं केस घासले का, कुठं कातडी लाल झाली का ते बघायचं आणि मशीनवरच्या बायकांना सांगायचं की ही शिवण इकडं घ्या, हे बक्कल तिकडं सरकवा. ह्याचा पगार मिळतो आप्पा, खोटं वाटेल तुम्हाला. माझी स्वतःची एक कुत्री आहे, चाकणच्या कांदा मार्केटात सापडली, पिवळट, एक कान मोडका, पण पळायला लागली की मला उचलून नेते. रविवारी पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधली माणसं आपापली कुत्री घेऊन येतात. कुत्री केसाळ, दिवसभर एसीत लोळलेली, आणि मालक त्यांच्याहून जास्त लोळलेले. त्यांच्यात ह्याचा खेळ आहे, शर्यती आहेत, त्याचे बूट वेगळे, कमरेचा पट्टा वेगळा, दोरीत रबर वेगळं. एक बाई मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे शिकलात कुठं? फॉरेनला का?" मी म्हटलं, "न्हाई ओ. गावाच्या घाटात. वडिलांनी शिकवलं." तिला फार कौतुक वाटलं. "किती लकी तुम्ही," म्हणाली.

बैलांच्या शर्यती बंद झाल्या ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच, तुम्हाला दुसरं काही आठवायचंच नाही. रांगडा माणूस तुम्ही, आजी गेली तेव्हा डोळ्यातून टिपूस नव्हतं, पण बैल टेंपोत चढवताना गळा काढून रडलात. मी दारात उभी होते. मला म्हणालात, "काय बघतीस? तुझ्यासाठी रडायचं का आता?" मग काही दिवस तुम्ही ओसरीवर नुसते बसून राहिलात, घरात कुणी मोठ्यानं भांडं ठेवलं तरी शिवी. आणि एक दिवस कुठल्यातरी मेंढपाळाकडून ते कुत्रं घेऊन आलात. उंच, खपाटीला गेलेलं पोट, लांब पाय. विकलेल्या बैलाचंच नाव तुम्ही त्याला दिलंत. आणि त्या बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा, घुंगरांचा, जो विकताना तुम्ही काढून ठेवला होता, तो कापून त्याच्या मापाचा केलात. सकाळभर बसला होतात आरी घेऊन. भोकं पाडत होतात, तेल चोळत होतात, घुंगरं फुंकून फुंकून पुसत होतात. इतक्या मायेनं तुम्ही कधी मला जवळ बसवून घेतलं नाहीत, हे तेव्हाही कळत होतं मला. पट्टा वादीची गाठ मारून गळ्यात बांधलात, त्याला बैलाचा कासरा लावलात, आणि कासऱ्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला आवळलंत. "बैल न्हाईत तर न्हाईत," म्हणालात. "कायद्यात कुत्र्याचं कुठं लिवलंय? आन् पोरीचं?"

आई चुलीपाशी होती. ती फक्त म्हणाली, "अवो, पोर हाय ती." तुम्ही म्हणालात, "मग पळू दे की. पोरीच्या जातीला बसून काय दिवे लावायचेत?"

तर मग रोज पहाटे घाट. गाव सोडून टेकाडावर चढत जाणारी ती शर्यतीची वाट, जिथं बैल पळायचे तिथं मी आणि कुत्रं. तुम्ही मोटारसायकलवर बाजूनं. कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं खालून शिट्ट्या मारायची, आणि तुम्हाला त्यात लाज नव्हती, उलट चेव चढायचा. "ते कुत्रं बघ, दमतंय का? आन् तू, भाकऱ्या हाणून दमतीस व्हय गं?" मी पडले तर गाडी थांबवायची नाही. थांबले तर चापट. गुडघे फुटलेले असायचे, शाळेत मुली विचारायच्या, मी सांगायचे सायकलवरून पडले. पण एक खरं सांगते, कुत्रं मला आवडायचं. त्याला माझ्यावर राग नव्हता. वर पोचलं की ते वळून माझ्या तोंडाकडं बघायचं, जीभ लोंबत असायची, आणि घशातून आवाज यायचा, खर्र, खर्र, भाता चालवल्यासारखा. तो आवाज आधी नव्हता. काही महिन्यांनी सुरू झाला आणि वाढत गेला. तुम्ही मित्रांना बोलावून ऐकवायचात. "आवाज बघ भावा, इंजान हाय इंजान!" सगळे हसायचे. कुत्र्याला वाटायचं आपलंच कौतुक चाललंय, शेपूट हलवायचं बिचारं.

जत्रेचा दिवस. बैलांविना जत्रा, गावाचं तोंड उतरलेलं, आणि तुम्ही पंचांना पटवलंत की आपण आपल्या घाटात एक बारी पळवू, कुत्र्याची. भोंग्यावरून माझं नाव नाही, कुत्र्याचं नाव पुकारलं. घाटाच्या दोन्ही अंगाला माणसं उभी आहेत, भंडारा उधळतायत, आणि मी नवा पंजाबी ड्रेस घालून कमरेला कासरा बांधून उभी आहे, लाजेनं मेलेली. कुणीतरी "भिर्रर्र" केलं आणि ते सुटलं. असं ते कधीच पळालं नव्हतं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते म्हटलं तरी चालेल. अर्ध्या घाटात आवाज थांबला. घशातला तो आवाज, तो थांबला, आणि मला वाटलं, बरं झालं, ह्याला आज बरं वाटतंय. मग त्याचे पुढचे पाय दुमडले आणि मी त्याच्या अंगावरून पलीकडं जाऊन आपटले. उठून बघते तर त्याचं तोंड उघडं, जीभ निळी, आणि छाती वरखाली होते आहे पण आत काही जात नाही. घुंगरं वाजत होती. मी पट्टा सोडवायला गेले, पण तुमची गाठ, ती कुठली सुटते. तोवर तुम्ही आलात. मला वाटलं तुम्ही पट्टा सोडाल. तुम्ही मला मारलंत. सगळ्या गावासमोर, भोंगा चालू असताना. "मागं वढलीस तू! तुझ्यामुळं मेलं! मागं वढलीस!"

आणि मी ते मानलं. मानणार नाही तर काय करणार? कमरेला दोरी माझ्याच होती ना. दमले होतेच मी, कधी दमत नव्हते?

ते तिथं संपलं असतं तरी मी विसरले असते एखादेवेळी. पण तुम्हाला तो विनोदच झाला. घरी कुणी आलं की, "ही आमची पोरगी. हिनं माझं कुत्रं मारलं." मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तुम्ही तेच सांगितलंत, "सांभाळून बरं का राव, हिच्या दोरीला बांधलेलं जगत न्हाई." पाहुणे हसले. नवरामुलगाही हसला. मी पोह्यांच्या बशा उचलत होते. ते स्थळ जमलं नाही, नंतरची पण जमली नाहीत, आणि प्रत्येक वेळी तुम्ही आईला म्हणायचात, कुत्र्याचा तळतळाट. मग एका दुपारी जेवून उठता उठता तुम्ही गेलात. छातीत कळ आली म्हणे. बैलांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या तुम्ही गेल्यावर. तुम्हाला बघायला मिळाल्या नाहीत ह्याचं मला वाईट वाटलं नाही, अजिबात नाही.

यंदा पावसाळ्यात कारखान्यात एक सोसायटीवाले गृहस्थ त्यांचं बुटकं कुत्रं घेऊन आले. गळ्यात साखळी, आणि ते ओढत होतं. आणि त्याच्या घशातून तो आवाज आला. खर्र, खर्र. मी हातातली कात्री ठेवून दिली. आमच्याकडे जनावरांची एक डॉक्टरीण येते पट्टे तपासायला, तिला मी विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, "गळपट्ट्याला ओढू दिलं की असं होतं. बैलाचा जोर मानेवर, म्हणून जू मानेवर ठेवतात. कुत्र्याचा जोर छातीत. त्याला गळ्यानं ओढायला लावलं तर श्वासाची नळी चपटी होत जाते, आणि मग एखाद्या दिवशी पळताना ती उघडतच नाही. म्हणून तर तुमचा हा छातीचा पट्टा." मी विचारलं, "आणि मागचं माणूस हळू पळत असेल तर? मागं ओढत असेल तर?" ती म्हणाली, "अहो, माणूस कसाही पळू दे. पट्टा गळ्यात आहे म्हटल्यावर त्यात माणसाचा काय दोष?" हे ती चहा पिता पिता बोलली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि कामाला लागले.

आणि आप्पा, त्या संध्याकाळी घरी येताना मी तुम्हाला जवळजवळ सोडून दिलं होतं. तळवड्याच्या चौकात ट्रकांच्या मागं अडकलेली असताना मी मनात म्हणत होते, त्यांना तरी कुठं माहीत होतं. जन्मभर बैल जुपलेला माणूस, कुत्र्यालाही बैलासारखं जुपलं. चुकलं, पण जाणूनबुजून नाही. इतकं हलकं मला लहानपणापासून कधी वाटलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, नळीचं, गळ्याचं, छातीचं. ती मान खाली घालून काड्या बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "व्हय. त्या डॉक्टरानं बी हेच सांगितलं व्हतं."

"कुठल्या डॉक्टरानं?"

"म्हशीला बघायला आलेला न्हाई का, जत्रेच्या आदी. त्यानं कुत्र्याचा आवाज ऐकला. म्हनला, ह्याच्या गळ्यातलं आजच काढा, न्हाईतर मरंल. हे म्हनले, जत्रा हुंदे, मग काढतो."

"तुझ्यासमोर?"

"मी च्या घिऊन उभी व्हते."

"मग आई, मला इतकी वर्षं…"

"त्यांच्याम्होरं कोन बोलनार, बाई? तुला ठावं न्हाई का? आन् त्यांनी तरी कुनाच्या डोक्यावर घालायचं? गावासमोर सोताच्या घालायचं व्हय? तू ल्हान व्हतीस. त्यांना वाटलं, इसरशील."

मी तिच्या पुढ्यातली परात उचलून भिंतीवर मारली. मेथी सगळ्या ओट्यावर. आई ती वेचत बसली. मला तिची कीव आली नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुमचं कुत्रं माझ्यासमोर गुदमरत होतं तेव्हा, आणि तुमचा हात माझ्या तोंडावर पडला तेव्हा, आणि पाहुण्यांसमोर तुम्ही हसलात तेव्हा, प्रत्येक वेळी माहीत होतं.

मग तुमची पितरं आली. दरवर्षी मीच करते सगळं, तशी यंदाही केली, आईचे गुडघे चालत नाहीत. उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवार, भोपळा, कढी. आईचा आग्रह म्हणून तुम्हाला आवडायची तशी तिखट आमटी. नैवेद्याचं पान घेऊन मी गच्चीवर गेले, कठड्यावर ठेवलं. माझी कुत्री मागोमाग आली. आई एकेक पायरी धरत वर आली तेव्हा पान तसंच होतं. आम्ही उभ्या राहिलो. कावळ्याचा पत्ता नाही. ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय आई घास घेत नाही. ती हात जोडून म्हणाली, "अवो, काय ऱ्हायलंय तुमचं? पोरीचं सगळं बरं हाय, घर हाय, काई काळजी करू नका." काही नाही. मग ती माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "तू म्हन. म्हन, आप्पा, चूक माझी व्हती. नुसतं तोंडानं म्हन गं. त्यांचं तेवढंच ऱ्हायलंय."

मी म्हटलं, "नाही म्हणणार."

"अगं मेलेल्या मानसाशी काय भांडतीस?"

"तूच बोलावलंस ना त्यांना जेवायला."

ती रडली. पदर डोळ्याला लावून, भिंतीला टेकून, खूप रडली. शेवटी मी ते पान कठड्यावरून खाली घेतलं आणि कुत्रीपुढं ठेवलं. तिनं खीर आधी खाल्ली, मग वडे, मग पान चाटून पुसून साफ केलं. आई संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली, तुम्ही जेवला नाहीत म्हणून, आणि मला म्हणत राहिली की तुझ्या हट्टापायी त्यांचा आत्मा तळमळतोय. तिला अजून तसंच वाटतंय. वाटू दे.

हे लिहून मी कुठं टाकणार, कुठंच नाही, घडी घालून ठेवणार. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आई जिन्यातच होती तेव्हा कावळा आला होता, आप्पा. पान ठेवल्या ठेवल्या आला, अगदी भुकेजल्यासारखा, पानाला चोच लावणार एवढ्यात मी ओढणी झटकून त्याला हाकललं. परत आला, परत हाकललं.