लवंगीचा मागचा पाय अन् हर्षलचा परण्या

मु. पो. उंद्री

श्रीयुत शंकरराव दाजी यांस, त्यांच्या एकुलत्या एक साळ्याचा, म्हणजे शालिग्रामचा, वाकून नमस्कार. बेबीताईले नमस्कार, नवरदेव हर्षलले आशीर्वाद. तुमची शुगर आटोक्यात असेल अशी आशा करतो (लग्नघरात बुंदी पाडल्यावर ती राहत नाही हे मले माईत आहे, म्हणून नुसती आशाच करतो). इकडं सगळे मजेत. सोयाबीन निघालं, आमच्या मंडळीची, म्हणजे गीताची, धरलेली कंबर सुटली, अन् लवंगी चारा खाते, पाणी पिते, आल्यागेल्याकडं पाहून खिंकाळते. फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही विचारसान. तर फोनवर तुम्ही बोलता अन् मी ऐकतो, ही आपली रीत. अन् या खेपेले मले जरा बोलायचं आहे.

नवरदेव घोडीवर बसून मांडवाकडं निघेल त्या परण्यात लवंगी नाचणार हे तुम्ही पत्रिकेतच छापून टाकलं. "उंद्रीची सुप्रसिद्ध नाचणारी घोडी" असं वर अन् "मामा" म्हणून माझं नाव तिच्या खाली (त्याचं मले काही वाटलं नाही, ती आहेच माझ्यापेक्षा सुप्रसिद्ध). पण दिवाळी झाली अन् तिले आंगणात फिरवताना मले मागून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चालताना शेपटीजवळचा पुठ्ठा एका अंगानं उचलला जाऊन राह्यला होता. आता दुखणारा पाय कोणता? शेजारचा दयाराम, ज्यानं जन्मभर बँडात क्लॅरनेट वाजवलं अन् घोड्यांचे पुठ्ठे ज्यानं मागून पाहून पाहून पाठ केले, तो म्हणे उजवा. गीता म्हणे डावा. माझं मत उजवं होतं, पण घरात असलो की डावं. दयारामनं उजव्याले तेल चोळलं, गीतानं डाव्याले शेक दिला. घोडीले दोन्ही आवडलं अन् लंगडणं आहे तसंच राह्यलं.

शेवटी चिखलीहून जनावराच्या डॉक्टर रेणुकाताई आल्या. मोठ्या शांत बाई. म्हणाल्या, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवा, ज्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होईल तो पाय दुखरा. ऐकायले सोपं आहे, दाजी, पण लवंगी उभ्या आयुष्यात सरळ चालली आहे का? त्यात रंग एकसारखा तांबडा, म्हणून बाई म्हणाल्या, दोन्ही पुठ्ठ्यांवर ठळक खूण लावा. मी हौसेनं वरातीच्या झुलीचे दोन लाल गोंडे काढले अन् डिंकानं चिकटवले. माझं चुकलं ते इथंच. गोंडा अंगाले लागला की लवंगीले वाटते परण्या निघाला. तिचे कान उभे झाले, मान कमानदार झाली, अर्धं गाव जमलंच होतं, अन् नेमका त्याच वेळेस दयारामच्या खिशातला मोबाईल सनई वाजवू लागला. परण्यात खाटेवर चढून नाचायची सवय, घोडी थेट समोरच्या वच्छलाबाईच्या खाटेवर चढली. खाटेवर पापड वाळत होते. पापडांवर ती असी नाचली, असी नाचली, की लंगडणं औषधालेही दिसेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर डॉक्टरबाईवरून नोट ओवाळून माझ्या हातात ठेवली (वच्छलाबाई अजून माझ्याशी बोलत नाही).

बाई मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, ही दुखणं दाबून नाचते. मी तिले इतकी वर्षं नाचवली अन् ही गोष्ट मले ठाऊक नव्हती.

मग गीतानं सूत्रं हाती घेतली. गोंडे काढले, पुठ्ठ्यांवर पिठाचे ठिपके दिले, मोबाईल जमा केले, लोकांले घरी पिटाळलं अन् भिजल्या चण्यांची बादली घेऊन डांबरी रस्त्यानं पळू लागली. गीतापुढं लवंगी नाचत नाही (गीतापुढं आमच्या घरात कोणीच नाचत नाही). बादलीमागं सरळ पळाली अन् डावा ठिपका स्पष्ट वर उडताना दिसला. बाईंनी डावा पाय थोडा वेळ वर दुमडून धरला, सोडल्याबरोबर पळवली, तर असी लंगडली की दयारामनंही डाव्याले मत दिलं. मधला सांधा सुजला आहे. खाटेवर चढून मागच्या पायांवर उभी राहते त्यानं. औषध चालू आहे, सूज उतरते आहे. लग्नाच्या आधी बाई पुन्हा पाहतील. हळू चालणं चालेल, हर्षलसारखा काडीपहिलवान थोडा वेळ पाठीवर चालेल.

बाकी तयारी जोरात असेल. आम्ही घोडीसकट येतोच, काळजी नसावी.

आपला,
शालिग्राम

ता. क. घोडी येईल, पण नाचणार नाही. हे वर लिहायचं राहून गेलं.

ता. क. २. ती नाचू नये म्हणून परण्यात बँड, ढोल, डीजे काही वाजवू नये. बायांनी ठेक्यात टाळ्याही वाजवू नये. फटाके चालतील. तुम्ही शेगावचा बँड ठरवला, त्याचा इसार दिला, हे मले माईत आहे. त्यांले मांडवात पंगत बसल्यावर वाजवू द्या. पाय दुखते म्हणून आपण थांबावं, हे लवंगीले कळत नाही. वाजलं की ती नाचते. पुन्हा नाचली तर कायमची लंगडी होईल. म्हणून तिच्या वतीनं मीच "नाही" म्हणून राह्यलो. वाजवणारच असाल तर मी येईन, आहेर आणीन, पण घोडी घरीच राहील. रागवायचं असेल तर रागवा, मी पहिल्यांदाच तुमच्यापुढं तोंड उघडून राह्यलो.

ता. क. ३. पत्रिकेत नाच छापलाच आहे, तर तो मी करतो. बिनवाज्याचा. मी पुढं नाचत जाईन, लवंगी मागून हळू चालत येईल. लोक म्हणतील, नवरदेवाचा मामा पागल झाला. म्हणू द्या. बेबीताईच्या पोराचं लग्न आहे, अन् मले खरंच लय आनंद झाला आहे.