सातव्या ओळीतला बंब

श्री. बद्रीनाथराव यांस पुंजाराम दाजींचा रामराम. लासूर स्टेशनची हवा मानवली असेल, शाळेतली पोरं ऐकत असतील आणि मंडळींचा खोकला उतरला असेल, अशी आशा आहे. इकडं सगळं ठीक आहे. जे ठीक नाही ते मेहुण्यामुळं, म्हणून हे पत्र.

आज मंगळवार. पहाटे मी नेमाप्रमाणं आडाच्या गार पाण्यानं आंघोळ केली, देवापुढं बसलो आणि फुलंब्रीहून पहिल्या मोटारीनं औरंगाबादला आलो. जवळचं वाचता येईना म्हणून चष्मा करायचा होता. चष्मेवाल्यानं नंबर काढला आणि चार वाजता या म्हणाला. तुम्ही टपालानं पाठवलेली ‘कोणी न पाहिलेलं औरंगाबाद’ ही यादी निघताना तुमच्या आक्कानं माझ्या कोटाच्या खिशात घातलीच होती. (बीबीचा मकबरा आणि पाणचक्की सगळेच बघतात दाजी, तुम्ही खरं शहर बघा, असं तुम्ही वर लिहिलं होतं. खरं शहर बघून माझ्या टाचा फुटल्या आहेत.)

पहिलं नाव काला दरवाजा. बद्रीनाथराव, तो काळा नाही. मी दोनदा बघितला, एकदा डोळे चोळून. पुढं एक दरवाजा तुम्ही ‘कोणाच्या लक्षात न येणारा’ म्हणून लिहिला होता. तो माझ्याही आला नाही. शेळी घेऊन येणाऱ्या एका बाईला विचारलं तर म्हणाली, “दरवाजातच तर उभे हायेत तुम्ही. सरका, शेळीला येऊ द्या.” मग भर उन्हात सोनेरी महाल. सोन्याचा कण नाही. रखवालदार म्हणाला, भिंतीवर सोन्याचं काम होतं, ते गेलं. सोनं गेलं तर नाव कशाला ठेवलं, असं मी जरा वरच्या आवाजात विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, मेरा नाम राहत है. मेरेकू किधर राहत मिली?” (राहत म्हणजे आराम. निजामाच्या काळात आमच्या गावच्या शाळेत उर्दू होतं म्हणून समजलं. तुमच्या वेळी पोलिस ॲक्शन होऊन गेली होती, तुम्ही या सुखाला मुकलात.)

सातवी ओळ फिकट होती. हात लांब करून, कागद उन्हात धरून कसाबसा एक शब्द लागला: बंब. बंब हे बघण्याचं ठिकाण कसं, हे मला कळेना. पण काळा दरवाजा काळा नसतो, तिथं बंबाबद्दल मी काय बोलावं? ज्याला विचारलं त्यानं मला भांड्यांच्या गल्लीत पाठवलं. तिथं कमरोद्दीन नावाचे म्हातारे दुकानदार आंघोळीचं पाणी तापवायचे तांब्याचे बंब चिंचेनं घासत बसले होते. मी यादी दाखवली. त्यांनी ती न वाचता मला विचारलं, “दादा, तुमकू नहाने का होना, के देखने का होना?”

मी म्हणालो, बघायचा.

“फिर बंबा बोलो ना. नहर का बंबा. वो उधर, बेगमपुरे की तरफ.”

म्हणजे एका कान्यासाठी आणखी अर्धा कोस. गेलो. विटांचा एक उंच खांब, त्याच्या फटीतून उगवलेला पिंपळ. बस्स. एका माणसानं सांगितलं की जमिनीखालून नळातून डोंगराचं पाणी यायचं. त्यात वारा कोंडला तर नळ फुटेल, म्हणून पाणी या खांबात वर चढायचं, वारा सोडून द्यायचं आणि खाली उतरून मुकाट्यानं पुढं जायचं. त्याच सावलीत बसून, चष्म्यावाचून अंदाजानं हे पत्र लिहितो आहे. बांधणाऱ्यानं विचार केला होता, एवढं कबूल करतो. तुम्ही केला नाहीत. मास्तर माणसानं कान्याला जपू नये, याचा मला फार राग आला आहे आणि तो मी इथं सोडून देतो आहे. यापुढं तुमच्या यादीवर मी पाऊल टाकणार नाही.

आपला, पुंजाराम

ता. क. चार वाजता चष्मा मिळाला. परतीच्या मोटारीची वाट बघताना यादी पुन्हा वाचली. सहा ओळी तुमच्या निळ्या शाईत आहेत. सातवी शिसपेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात, आणि पुरी अशी: ‘बंब. बघून तरी या.’ तुमचा काना चुकलेला नाही. वरचं तेवढं खोडलेलं समजा, माझ्याकडं दुसरा कागद नाही.

ता. क. २. तुमच्या आक्काची बोटं थंडीत सुजतात, हे मला माहीत होतं. नवरा गार पाण्यानं न्हातो तर आपण ऊन पाणी कसं घ्यावं, म्हणून ती वीस वर्षं गारच घेते, हेही माहीत होतं. मी त्याला तिची भक्ती समजत होतो. मोटार सोडली आणि कमरोद्दीनकडं परत गेलो. “देख के आए?” म्हणाले. मी म्हणालो, “हो. अब नहाने का दो.”

विनंती एवढीच: सातवी ओळ तुम्हीच लिहिली, असं आक्काला कळवा. मेहुण्याच्या यादीत होता म्हणून आणला, असं मी तिला सांगितलं आहे. ती ‘बरं’ म्हणाली आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली.

आज बुधवारी पहाटे बंब पेटवला. आधी मी ऊन पाण्यानं न्हालो, म्हणजे तिला नाही म्हणता येऊ नये. देव काही बोलला नाही.