स्पंदनाचा सेल उघडण्याबाबत

मी, पुष्पावती कोम कै. नरसिंहराव, वय एकाहत्तर, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, राहणार चामराजपुरम, म्हैसूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. घर व बँकेतील ठेवी मुलगा किरणकुमार याला. घर विकायचे तर विकावे, रडत राखू नये.

२. दीर संताजीराव यांना चिंचोक्याची खळ शिजवण्याचे पातेले. आपले रंगारी पूर्वज याच खळीने कापडावर रंग धरवीत. बॅटरीतला सिलिकॉनचा ॲनोड चार्ज होताना फुगतो, उतरताना आक्रसतो आणि शेवटी तडकतो. त्याला धरून ठेवायला मी व माझी मुलगी स्पंदना ही खळ वापरू लागलो, तेव्हा भावजी भर पंगतीत म्हणाले, "काय वो वहिनी, सारातली चिंच आता ब्याटरीत? अष्टे, तेवढंच राहिलं होतं!" सगळे हसले. आता पातेले घासत बसावे.

३. स्पंदना करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. इस्पितळातून आली ती गुंडाळूनच. चेहरा उघडू दिला नाही.

तिच्या हातचा शेवटचा सेल, नाण्याएवढा, मागच्या खोलीत तपासणी यंत्रावर अजून चार्ज होतो, उतरतो, पुन्हा चार्ज होतो. इतका टिकेल असे आम्हा दोघींनाही वाटले नव्हते. का टिकला, हे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडला की तो संपला. तिचेच म्हणणे होते, "आई, सुम्मने, उगीच बघत बसून काय होतं ग? उघडूनच बघायला पाहिजे." तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण पावनी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते आणि जाताना हळूच तेच विचारते. माझा हात पुढे होत नाही.

तरी सेल व यंत्र पावनीला द्यावे. तिने तो बंद पेटीत, हवा न लागू देता उघडावा. आत तडे निघाले तर तडेच लिहावेत. माझ्या मुलीने आकडे कधी सजवले नाहीत. शोधनिबंधावर पहिले नाव तिचे. आमचे जुने विभागप्रमुख आपले नाव घुसवायला येतील, त्यांना कॉफी पाजून वाटेला लावावे. उघडताना किरणने जवळ उभे राहावे.

४. हे सर्व माझ्या अस्थी कावेरीत सोडल्यानंतर. मी असेपर्यंत त्या यंत्राला कोणी हात लावू नये. मागच्या खोलीत माझी मुलगी अजून काम करते आहे, एवढे मला राहू द्यावे.

वरील मजकूर स्वतः लिहून, पुन्हा वाचून सही केली.

पुष्पावती

आमच्यासमोर सही झाली:
जानकी, शेजारी
डॉ. सत्यनारायण

म्हैसूर, १४ नोव्हेंबर २०२४